हमालांचा नाच

मास्तरांनी रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं ते घोड्याचे मागचे पाय म्हणून. त्यांचे वडील त्याच नाटकमंडळीत हमाल होते. पडद्यांचे बांबू, लाकडी जिने, राजवाड्याचे खांब, सगळं वडिलांच्या पाठीवरून यायचं आणि खेळ संपला की पाठीवरूनच गोदामात परत जायचं. एका संध्याकाळी घोड्याचे मागचे पाय करणारा माणूस तापाने आडवा झाला. थोरल्या मालकांनी विंगेत उभ्या असलेल्या हमालाच्या पोराला बखोटीला धरलं आणि कापडी घोड्यात कोंबलं. आत अंधार, घामाचा वास आणि नाकासमोर पुढचे पाय करणाऱ्याची पाठ.

"ती पाठ करेल ते करायचं," मालक बाहेरून म्हणाले. "विचारायचं काही नाही."

पोराने तेच केलं. घोडा चालला, दुडकला, शेवटी राजाला घेऊन निघूनही गेला. टाळ्या पडल्या, त्यातल्या निम्म्या आपल्या, असं पोराने घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मागच्या पायांना कोण टाळ्या देतं रे? शेपटी बरी हलली म्हण."

पुढची सगळी वर्षं जवळजवळ तशीच गेली. मंडळीत कोणी आजारी पडलं, कोणी दारू पिऊन आलं, कोणी लग्न करून पळालं, की मालकांची हाक यायची, "ठिगळ कुठाय?" हे नाव त्यांनीच ठेवलेलं. फाटलं तिथे लावायचं, म्हणून ठिगळ. ठिगळाने शिपाई केला, दारुडा केला, राणीची दासी केली, म्हातारी आई केली आणि भूतही केलं. नायकाचा घसा बसला तेव्हा पडद्यामागून त्याची गाणी म्हटली, नायक पुढे नुसते ओठ हलवत राहिला. जिन्यावरून गडगडत पडायचं काम तर त्याच्याइतकं कोणालाच जमायचं नाही. नाचात कोणाचीही जागा रिकामी झाली, तरी त्या जागेचा नाच त्याला आधीच येत असायचा. ठिगळाचं कौशल्य एकच, ते दिसू नये. लोक घरी जायचे ते आपण नेहमीच्याच नटाला पाहिलं अशा समजुतीत. एकदा वर्तमानपत्रवाल्याने खूश होऊन 'अष्टपैलू कलावंत' असा मथळा दिला. मजकूर ठिगळाबद्दलच होता. फोटो मात्र ज्याच्या जागी तो उभा राहिला होता त्याचा छापला.

जुना नाचमास्तर दुसऱ्या मंडळीत निघून गेला, तेव्हा ते भोकही ठिगळानेच बुजवलं. तोवर केस पिकू लागले होते. तेव्हापासून लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणू लागले आणि पाठीमागे ठिगळ.

मास्तरांची शिकवायची रीत घोड्याच्या पोटातून आलेली. ते पुढे उभे राहायचे, पाठ शिष्यांकडे. पाठ करेल ते करायचं. विचारायचं काही नाही. तालीमखोलीत भिंतभर आरसा होता, त्याच्यावर त्यांनी जुना जंगलाचा पडदा खिळे मारून ठोकून टाकला. "आरशात बघून नाचणं म्हणजे गाढवाने गाढवाला गाणं शिकवणं," ते म्हणायचे. "आरसा पाहिजे ना? मी आहे."

आणि ते खरोखरच आरसा होते. रोज सकाळी तालमीआधी ते एकाला पुढे बोलवायचे आणि त्याचा आदल्या दिवशीचा नाच जसाच्या तसा करून दाखवायचे. चूक जराशी मोठी करून. मग बाकीच्यांनी हसायचं. हसणं सक्तीचं होतं. जो हसणार नाही, त्याची दुसऱ्या दिवशी पाळी. त्यामुळे सगळे पोट धरून हसायचे आणि ज्याचं चाललंय तो मान खाली घालून पाहत राहायचा. चूक मात्र पुन्हा व्हायची नाही, हे मास्तरांचे वैरीही कबूल करायचे.

एक उंच मुलगी आली. गिरकी घेताना तिची मान पुढे जायची. मास्तरांनी इतके दिवस तिच्यासारखी मान पुढे काढून दाखवली की सगळे तिला बगळी म्हणू लागले. मान सरळ झाली, नाव राहिलं. ती मंडळीतली पहिल्या नंबरची नाचणारी झाली, फलकावरही तेच नाव लागलं. तिचं खरं नाव विचारलं तर कोणाला आठवलं नसतं. तिच्या मागे नाचणारी एक गोलमटोल बाई होती, तिचं नाव उशी. उशीची आई गेली आणि चौथ्या दिवशी ती तालमीला आली. पाय जड पडत होते, मधेच नाक ओढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी तिलाच पुढे बोलावलं. जड पाय दाखवले, नाक ओढणं दाखवलं, डोळे पुसताना चुकलेली टाळीही दाखवली. खोलीत कोणी हसेना.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "उद्या सगळ्यांचीच पाळी लावू का?"

तेव्हा पहिल्यांदा उशीच हसली. मग बाकीचे हसले.

मास्तरांची बायको शेजारच्या कपडेपटात शिवणाला असायची. दोन खोल्यांच्या मधे एक लाकडी भिंत होती, तिच्यातून सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी घरी जाताना ती म्हणाली, "अहो, त्या बाईची आई गेलीय हो."

"म्हणून ताल पण गेला पाहिजे का?"

"तुम्ही जिभेने बोलत नाही ना, नाहीतर मी ती तरी शिवून टाकली असती. तुम्ही अंगानेच बोलता."

मास्तरांना ती तारीफ वाटली.

थोरले मालक गेले, धाकटे आले. त्यांनी थिएटरला नवं छप्पर घातलं, नव्या खुर्च्या बसवल्या आणि एके दिवशी मास्तरांना खोलीत बोलावलं. मास्तर दारापाशी जरा थांबले, सदऱ्यावरून कमरेशी हात फिरवला आणि आत गेले.

त्या हाताचं एक गुपित होतं. काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी बदली भूत करताना, फळ्यांमधलं खाली उघडणारं दार वेळेआधी उघडलं होतं आणि मास्तर खुब्यावर पडले होते. तेव्हापासून डावा खुबा धरायचा. हल्ली फार. बायकोने जाड कापडाचा रुंद पट्टा शिवून दिला होता. तो सदऱ्याच्या आत आवळून गाठ मारली की चालता यायचं. गाठ सैल झाली की कळ यायची, म्हणून हात सारखा तिथे जायचा. पाय ओढला जातो असं मात्र मास्तरांना मुळीच वाटत नव्हतं. दुखतं आणि दिसत नाही, असाच त्यांचा हिशोब होता. जन्मभर जे दिसू नये ते लपवण्यात गेलेला माणूस, त्याला तेवढा भरवसा असणारच.

"नवं थिएटर, नवा हंगाम," धाकटे मालक म्हणाले. "शब्द नको, राजा नको, राणी नको. नुसता नाच. तुमच्या डोक्यात आहे का काही?"

मास्तरांच्या डोक्यात कधीपासूनचं होतं. "हमाल," ते म्हणाले. "पाठीवर ओझं घेतलेले हमाल. ओझं दिसणार नाही, पाठ दिसेल. शेवटी ओझं उतरतं, पण पाठ सरळ होत नाही. एवढंच."

मालक थोडा वेळ पेन वाजवत बसले. मग म्हणाले, "बघा. जमलं तर फलकावर सगळ्यात वर तुमचं नाव. अख्खं. हंगामभर. नाही जमलं तर पुढचं सगळं बगळीकडे. तुम्ही मग कपडेपटात बसा आणि वहिनींना सुया ओवून द्या. काय?"

"जमेल," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, पाय दिसतो का?"

"दोन्ही दिसतात."

"थट्टा नको. ओढला जातो का?"

बायको शर्टाचं बटण लावत होती. दोरा दातांनी तोडायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. "मी कुठे बघते तुमच्याकडे?" ती म्हणाली. "मी सुईकडे बघते."

मास्तरांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला.

तालमी सुरू झाल्या. मास्तर पुढे, मागे नाचणारे, कोपऱ्यात ढोलवाला. ढोलवाला त्यांच्याच वयाचा, घोड्याच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं, की मास्तरांचं डावं पाऊल तालावर पडत नाही, जरा मागून येतं. त्याने काही न बोलता ती थाप थोडी उशिरा द्यायला सुरुवात केली. मास्तरांना पाऊल बरोबर पडल्याचा आनंद मिळू लागला. "आज हात लागलाय तुझा," ते म्हणायचे. ढोलवाला खाली बघून ढोलाची दोरी आवळायचा.

नाचणाऱ्यांनी पाहिलं ते केलं. मास्तरांचा डावा पाय जमिनीला घासत यायचा, त्यांचेही घासत आले. मास्तरांचा उजवा खांदा प्रत्येक पावलाला उचलला जायचा, त्यांचेही खांदे उचलले गेले. एक नवीन मुलगी तेवढी घोटाळली. तिने बगळीला हळूच विचारलं, "ताई, हा पाय मुद्दाम ओढायचा का गं?"

मास्तरांनी मागे न वळता विचारलं, "कोण बोललं?"

"काही नाही मास्तर," बगळी म्हणाली. "हिला सांगत होते, दिसतं ते करायचं. विचारायचं नाही."

"हं," मास्तर म्हणाले. आपलं कोणीतरी इतकं पक्कं शिकलंय, याने त्यांना बरं वाटलं.

मग ते वळून समोर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा तो नाच बाहेरून पाहिला. सगळे ओळीने वाकून येत होते. पाय घासत होते, खांदे उचलत होते, ढोल मागून रेंगाळत येत होता. मास्तरांच्या अंगावर काटा आला. ओझं दिसत होतं! एवढ्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या चुका ओळखल्या होत्या, त्यामुळे चूक त्यांना लांबून कळायची. ही चूक नव्हती. वडील अस्सेच चालायचे, त्यांना वाटलं. वडील कसे चालायचे हे त्यांना खरं तर आठवत नव्हतं, पण हे बघून आठवलं.

सगळ्यांत पुढे बगळी होती. तिने ओझं तर घेतलंच होतं, पण आणखी काहीतरी केलं होतं. मधेच ती थांबायची, तिचा हात कमरेच्या डाव्या बाजूला जायचा, बोटं काहीतरी चाचपायची, ओठ दाबले जायचे आणि ती पुन्हा निघायची. ते मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं.

"ते हाताचं काय केलंस?" मास्तरांनी विचारलं.

बगळी वाकलेलीच राहिली. "काढून टाकू?"

"नको, नको. राहू दे." मास्तर उठून तिच्याजवळ गेले. "अगं, आज पहिल्यांदा तू नाचलीस. आजवर नुसती मान सरळ ठेवत होतीस."

कोपऱ्यात उशीने तोंडाला पदर लावला. तिला खोकला आला असेल असं मास्तरांना वाटलं.

संध्याकाळी थिएटरच्या मागच्या पायऱ्यांवर ढोलवाल्याने विडी पेटवली आणि म्हणाला, "ठिगळा, त्या भिंतीवरचा पडदा एकदा काढ बघू."

"कशाला?"

"उगाच. नवं थिएटर आहे. जरा उजेड येईल."

"तुला आरसा कशाला हवाय? तुझं तोंड काय नाचतंय?"

"माझं नाही रे," ढोलवाला म्हणाला. मास्तरांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण मास्तरांना विचारायची सवय नव्हती.

पहिल्या खेळाच्या दिवशी फलकावर सगळ्यात वर मास्तरांचं नाव लागलं. अख्खं नाव, आडनावासकट. मास्तर रस्त्याच्या पलीकडून ते बघून आले, मग जवळून बघून आले. बायकोने त्यांच्यासाठी काळा कोट शिवला होता. तो घालताना ती म्हणाली, "आज पट्टा जरा घट्ट बांधा."

"का?"

"बांधा म्हणते ना."

धाकट्या मालकांनी ऐन वेळी एक नवीन टूम काढली. ते म्हणाले, "मास्तर, पडदा उघडायच्या आधी तुम्ही एकटे पुढे जा. या टोकापासून मधोमध चालत जायचं, वाकायचं आणि त्या टोकाने बाहेर. नाव कोणाचं आहे ते लोकांना दिसू दे."

विंगेत उभी असलेली बायको पटकन म्हणाली, "नको मालक. ते इथूनच वाकतील."

"अगं, नको काय?" मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा लोक त्यांना त्यांच्या तोंडासकट बघणार होते.

ते गेले. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, पायाखाली नव्या फळ्या. मधोमध पोचून ते वाकले. टाळ्या झाल्या, बऱ्याच झाल्या. मग ते दुसऱ्या टोकाला पोचले आणि विंगेत उभे राहून त्यांनी कपाळ पुसलं. ढोल सुरू झाला. पडदा उघडला. बगळी वाकून पुढे आली, तिच्या मागे ओळ.

पहिलं हसू कुठून तरी मागच्या रांगेतून आलं. एकाच माणसाचं. मग त्याच्या शेजारचं. मग एकदम, पत्र्यावर खडी ओतावी तसं अख्खं थिएटर हसायला लागलं.

मास्तरांना वाटलं कोणाचं तरी काहीतरी सुटलंय. ते विंगेतून एकेकाचे कपडे बघू लागले. "कोणाचं काय फाटलं?" त्यांनी शेजारच्या पडदेवाल्याला विचारलं. "नाडी सुटली का कोणाची?" पडदेवाला दुसरीकडे बघू लागला. सगळ्यांचे कपडे जागच्या जागी होते. समोर बगळी थांबली. तिचा हात कमरेच्या डाव्या बाजूला गेला, बोटांनी काहीतरी चाचपलं, ओठ दाबले. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, सांभाळून!"

मास्तरांनी आपला हात शोधला. तो कोटाच्या आत, कमरेच्या डाव्या बाजूला, पट्ट्याची गाठ चाचपत होता.

त्यानंतरचा नाच त्यांनी पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. शेवटी ओझं उतरलं आणि पाठी सरळ झाल्या नाहीत, तेव्हा लोक उभे राहून हसत होते.

धाकटे मालक धावतच विंगेत आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मास्तर! मास्तर, तुम्ही एवढे विनोदी? स्वतःवरच? आणि मला सांगितलंत काय, तर हमालांचं दुःख! गंभीर तोंडाने! अहो, कमाल आहे तुमची. रोज असंच जायचं हं पुढे, आधी तुम्ही, मग ते. त्यातच तर खरी गंमत आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. पण एवढी वर्षं ते अंगाने बोलत आले होते, तोंडातून काही आलं नाही.

बगळी रंग पुसत बाजूने गेली. मास्तर तिला म्हणाले, "हे काय केलंस?"

"दिसलं ते केलं मास्तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि हसूही नव्हतं. "तुम्ही म्हणालात राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवताना बायको म्हणाली, "निवेल."

"तुला ठाऊक होतं."

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग एकाने तरी सांगायचं!"

बायकोने आपला कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. "तुम्ही कधी कोणाला सांगितलंत?" ती म्हणाली. "तुम्ही दाखवत आलात. त्यांनी दाखवलं."

"आणि तू?"

"माझी पाळी नको होती मला."

मास्तर चहा न पिता उठले. नेहमीच्या रस्त्याने निघाले. कोपऱ्यावर फलक होता, नाव तसंच वर होतं, आणि खाली कोणीतरी रातोरात नवी पट्टी चिकटवली होती: 'हसून हसून बेजार व्हा.' पानवाल्याच्या दुकानापाशी दोघं उभे होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मास्तर सरळ चालायचा प्रयत्न करत पुढे गेले. सरळ चालणं म्हणजे नेमकं काय, ते त्यांना कळेना.

तालीमखोलीत अजून कोणी आलं नव्हतं. त्यांनी जंगलाच्या पडद्याचं टोक धरून ओढलं. खिळे जुने होते, पडदा धुळीसकट खाली आला. मास्तर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरशासमोरून चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. चूक पकडायला त्यांना कधीच वेळ लागायचा नाही, आजही लागला नाही. पण ते थांबले नाहीत. खांदा कधी उचलतो, टाच कधी टेकते, मान कुठे वळते, ते पाहत राहिले.

मंडळी आत आली ती दारातच थबकली. आरसा उघडा होता आणि आरशात सगळे दुप्पट दिसत होते. उशीने दाराची कड धरली.

"ओळीत," मास्तर म्हणाले.

सगळे उभे राहिले. मास्तर पुढे आले, पण आज त्यांनी पाठ केली नाही, तोंड केलं. "काल एक चूक झाली," ते म्हणाले. "बगळी, इकडे ये. चालून दाखव."

बगळीने दाखवलं.

"चूक. खांदा पायाबरोबर उचलतेस. आधी खांदा, मग पाय. कळ येणार हे खांद्याला आधी कळतं. आणि गाठ चाचपायची ती दुखल्यावर नाही, दुखायच्या आधी. बघ."

ते चालले. जसे होते तसेच, चूक जराशी मोठी करून. पाय घासला, खांदा उडाला, ओठ आत गेले, बोटं गाठीकडे धावली. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या माणसांची सोंगं केली, पण इतकं बिनचूक सोंग हेच. भिंतीपर्यंत जाऊन ते वळले. खोलीत कोणी हसेना, आणि शेजारच्या कपडेपटातली शिलाई-मशीनही थांबली होती.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "हसा. हसत का नाही? उद्या सगळ्यांचीच पाळी लावू का?"

तेव्हा पहिल्यांदा उशी हसली. ती हसली ते सुटून हसली, पोटावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, जणू एवढी वर्षं ते तिने कुठेतरी जपून ठेवलं होतं. मग नवीन मुलगी हसली. मग सगळे. ढोलवाल्याने ढोल मांडीवर घेतला आणि ती उशिराची थाप दिली.

बगळी हसली नाही.

"हस ना."

"येत नाही, मास्तर."

"मग उद्या तुझी पाळी," मास्तर म्हणाले.

पण तिच्यात दाखवण्यासारखी चूक उरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पुढे बोलावलं, तिचं चालणं करून दाखवायला गेले आणि करून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आपणच करत होतो.

हंगाम तुडुंब चालला. रोज संध्याकाळी मास्तर काळा कोट घालून पडद्यापुढून चालत जायचे. लोक आता त्यांना ओळखायचे. ते मधोमध पोचायच्या आतच हसू फुटायचं. बाजारात बायका आपल्या नवऱ्यांना दाखवायच्या, "ते बघा, तेच ते." खुबा दिवसेंदिवस बिघडत होता, त्यामुळे चालणं बदलत होतं. आणि चालणं बदललं की मागून येणारा नाच चुकीचा ठरायचा, म्हणून मास्तर दर सकाळी नवीन चालणं शिकवायचे. आज गुडघा वळत नाही, आज हात भिंत शोधतो, आज वळताना तोल जातो. नाचणारे ते उचलायचे. त्या बाबतीत मास्तरांनी कोणाला कधी सवलत दिली नाही.

धाकट्या मालकांनी एकदा विचारलं, "मास्तर, मधे डॉक्टरला वगैरे दाखवलंत तर?"

"दाखवलं असतं," मास्तर म्हणाले, "पण बरा झालो तर खेळाचं काय?"

मालक हसले. मास्तर विनोदीच आहेत, अशी त्यांची खात्री झालेली होती.

मग एक सकाळ अशी आली, की मास्तरांना पलंगावरून पाय खाली सोडता आला नाही. दुपारपर्यंत दोघांनी मिळून त्यांना थिएटरात आणलं आणि कपडेपटात खुर्चीवर बसवलं. पट्ट्याचा आता उपयोग नव्हता. मालक येऊन दारात उभे राहिले, घड्याळ पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"पडद्यापुढे कोण जाणार? त्याशिवाय रंगतच नाही."

बगळी पुढे आली. "कोट द्या," ती म्हणाली.

बायकोने मास्तरांच्या अंगातून कोट काढून घेतला. आधी उजवी बाही, मग डावी, झोपलेल्या पोराचे कपडे काढावेत तसा. पिकल्या केसांचा टोप चढवलेल्या बगळीच्या अंगावर घालून पाहिला. खांद्यात मोठा होत होता. बायकोने तोंडात टाचण्या धरल्या, मग चष्मा सापडेना म्हणून सुई आणि दोरा मास्तरांच्या हातात दिला.

"ओवून द्या जरा."

मास्तरांनी सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला.

खेळ सुरू झाला. कपडेपटातून रंगमंच दिसत नाही, लाकडी भिंतीतून फक्त ऐकू येतं. मास्तर कान देऊन बसले. नव्या फळ्यांवर पाय घासत गेल्याचा आवाज आला. आधी थोडी शांतता, मग पाऊल. हसू फुटलं ते मधोमध पोचायच्या आत, नेमकं जिथे रोज फुटायचं तिथेच. टाळ्याही तेवढ्याच झाल्या. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, सांभाळून!"

कोणाला काही कळलं नव्हतं.

"बरं केलं तिने," बायको म्हणाली.

पलीकडे पडदा उघडला आणि ढोलावर उशिराची थाप पडली.

"वळताना भिंत शोधली नाही तिने," ते म्हणाले. "हाताचा आवाज नाही आला. उद्या सकाळी सांगावं लागेल."

"झोपा आता जरा," बायको म्हणाली आणि दुसरी सुई त्यांच्या हातात दिली. "ही ओवा आधी."